माझ्या वाट्याची एकोणचाळीस मिनिटं

काम आणि जीवन यांचा समतोल कसा साधावा, यावर आमच्या ऑफिसने कार्यशाळा ठेवली ती एका शनिवारी, दुपारी साडेतीन ते सात. शनिवारी आम्हाला सुट्टी असते. "मग सुट्टीच्या दिवशी कशाला?" असं आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, तेव्हा एचआरमधली मुलगी गोड हसून म्हणाली, "सर, बाकीच्या दिवशी कामाचा लोड असतो ना!" यावर बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आम्ही गेलो. चहाबरोबर दोन बिस्किटं होती.

शिकवायला आलेला मुलगा सत्ताविशीचा होता. टवटवीत. लग्न व्हायचं होतं आणि तो राहायला ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर होता. ही माहिती त्याने स्वतःच दिली, आणि तिथेच माझा त्याच्यावरचा विश्वास निम्मा उडाला. त्याने फळ्यावर एक मोठा गोल काढला आणि त्याचे तीन भाग केले. हिरवा भाग 'स्व', निळा भाग 'काम', केशरी भाग 'कुटुंब'. तिन्ही भाग इतके सारखे की सख्ख्या भावांच्या वाटण्यासुद्धा इतक्या सारख्या होत नाहीत.

"एवढं सोपं आहे," तो म्हणाला. मग आम्हा सगळ्यांना एकेक छापील गोल आणि तीन रंगांचे खडू दिले आणि आपापला दिवस त्यात भरायला सांगितलं. पन्नाशीच्या आसपासचे तेवीस लोक माना खाली घालून रंगवत बसले. चाळीस वर्षांनी हातात खडू आला म्हणून असेल, पण एकदोघं खरंच रमले होते.

मी हात वर केला. "गाडी कशात टाकायची?"

"म्हणजे पार्किंग?"

"लोकल."

मी डोंबिवलीला राहतो. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत एक तास चाळीस मिनिटं, आणि येताना तेवढीच. रोजचे तीन तास वीस मिनिटं. या दोनशे मिनिटांचा रंग कोणता?

"ते कामात धरा," तो म्हणाला. त्याबरोबर मागच्या रांगेतून एचआर उभं राहिलं. कामाची वेळ कार्ड पंच केल्यापासून सुरू होते, असं नियमात आहे. मग कुटुंबात धरावं, तर कुटुंबाला मी त्या वेळात दिसतही नाही. मुलगा क्षणभर विचारात पडला आणि मग त्याचा चेहरा उजळला. "सर, मग ते तुमचंच झालं की! तो 'स्व'! त्या वेळात तुम्ही श्वासाकडे लक्ष देऊ शकता."

सकाळी आठ तेराच्या फास्टमध्ये डोंबिवलीला चढणाऱ्या माणसाचं लक्ष श्वासाकडे असतंच. फक्त तो श्वास बऱ्याचदा दुसऱ्याचा असतो.

तर अशा हिशेबाने मी त्या खोलीतला सगळ्यांत सुखी माणूस ठरलो. रोज तीन तास वीस मिनिटं फक्त स्वतःसाठी, एका पायावर.

मला हा निकाल मान्य नव्हता. म्हणून घरी येऊन मी खरा हिशेब मांडला. झोप साडेसहा तास. ऑफिस, जेवणाच्या सुट्टीसकट, साडेनऊ. प्रवास तीन वीस. दात घासण्यापासून शर्टाची बटणं लावेपर्यंतचं सगळं पाऊण तास. चहा, नाश्ता आणि पेपर मिळून पंचवीस मिनिटं. पाणी भरणं आणि दूध घेणं वीस. येताना भाजी-किराणा अर्धा तास. रात्रीचं जेवण चाळीस मिनिटं. आईचं ब्लडप्रेशर बघणं, गोळ्या देणं आणि ते वाढण्याची कारणं ऐकणं पंचवीस. चिरंजीव बारावीत आहेत, म्हणजे घरातले सर्वांत वरिष्ठ सदस्य. त्यांच्याशी संवाद वीस मिनिटं, त्यातली अठरा त्यांनी कानातलं काढावं याची वाट पाहण्यात. बिलं भरणं आणि सोसायटीच्या ग्रुपवरचं लिकेजचं भांडण वाचणं वीस. आणि चष्मा, किल्ल्या, चार्जर शोधणं सोळा मिनिटं. हे शेवटचं मी तीन दिवस घड्याळ लावून मोजलं आणि सरासरी काढली. घड्याळ शोधण्याचा वेळ त्यात धरलेला नाही.

बेरीज तेवीस तास एकवीस मिनिटं. उरली एकोणचाळीस.

एकोणचाळीस हा आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, आणि मग आठवलं. १ जानेवारी १९०६ला सगळ्या हिंदुस्थानला एकच प्रमाणवेळ लागू झाली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची. मुंबईची स्वतःची वेळ तेव्हा ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. म्हणजे नव्या वेळेपेक्षा बरोबर ३९ मिनिटं मागे. कारण अगदी सरळ आहे. प्रमाणवेळ धरली ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेखांशावर. मुंबई तिथून जवळपास दहा अंश पश्चिमेला, आणि सूर्याला दर अंशामागे चार मिनिटं लागतात. मुंबईकरांनी ही नवी वेळ मुळीच गोड मानून घेतली नाही. आमचा सूर्य आमच्या वेळेने उगवतो, तुमचं घड्याळ तुमच्यापाशी ठेवा, असा एकूण सूर होता. 'मुंबई टाइम' शहरात १९५५पर्यंत टिकून होता. एकाच शहरात दोन वेळा, त्याही जवळजवळ अर्धं शतक! तेव्हा उशीर झाला की माणूस सांगत असेल, "मी मुंबई टाइमने आलोय," आणि वरिष्ठांना गप्प बसावं लागत असेल. मग कधीतरी ती ३९ मिनिटं सरकारजमा झाली. सूर्य अजून जुन्याच वेळेने डोक्यावर येतो, आठ तेराची मात्र नव्या वेळेने सुटते. मधली ती ३९ मिनिटं माझी आहेत, असा माझा दावा आहे.

प्रश्न एवढाच होता की ती दिवसात बसवायची कुठे?

सगळी पुस्तकं म्हणतात, पहाटे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येवर अख्खा अध्याय आहे आणि त्याची सुरुवातच ब्राह्ममुहूर्तावर उठण्यापासून होते. सूर्योदयाच्या दोन मुहूर्त आधी, म्हणजे शहाण्णव मिनिटं. साडेसहाचा सूर्योदय धरला तर चार वाजून चोपन्न मिनिटं. (चोपन्न! ही वेळ मला लोकलसारखी वाटली आणि आपण उठू शकू असा धीर आला. 'पाच वाजता' उठवत नाही, 'चार चोपन्नची' पकडता येते.)

सोमवारी मी चार चोपन्नला उठलो. अंधारात चटई घेतली आणि पावलं न वाजवता बाहेरच्या खोलीत आलो. तिथे कॉटवर आई ताठ बसलेली होती.

"काय होतंय?"

"काही नाही. उठलोय."

"पोटात कळ येतेय का? रात्री वांगं खाल्लंस."

"आई, मी स्वतःसाठी वेळ काढतोय."

यावर ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठून तिने ओवा आणून दिला. आमच्या घराण्यात पुरुष विनाकारण पहाटे उठल्याची नोंद नाही. कुणी उठला असेल तर त्याला एकतर गाडी गाठायची होती किंवा डॉक्टर. ओवा चावत मी चटई पसरली आणि ताठ बसून डोळे मिटले. तेवढ्यात आतून हिचा झोपेतला आवाज आला, "उठलाच आहात तर..."

"उठलाच आहात तर" ही मराठी संसारातली सर्वांत महाग वाक्यरचना आहे. ती पुरी करावी लागत नाही. उठलाच आहात तर दुधाची पिशवी आत घ्या. उठलाच आहात तर मोटर लागलीय का बघा. आमच्याकडे पाणी साडेपाचला येतं आणि सव्वासहाला जातं, आणि त्या वेळात जो जागा असतो तो पाण्याचा असतो. बसलेल्या माणसाला हे वाक्य लागू होत नाही, निजलेल्याला तर नाहीच. म्हणून अनुभवी माणसं जाग आल्यावरही अर्धा तास डोळे मिटून पडतात. तो माझा खरा हिरवा भाग होता, हे मला फार उशिरा कळलं. तो मी स्वतःच्या हाताने घालवला होता.

मंगळवारी चटई स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्या मधल्या पट्ट्यात टाकली. बुधवारी गॅलरीत, कुंड्या सरकवून. गुरुवारी उठायलाच उशीर झाला आणि शवासन सात वीसला करावं लागलं. सात वीसला मावशी येतात.

मावशी आमच्याकडे केर-लादी करतात. त्यांच्या दिनचर्येवर कुणी अध्याय लिहिला नाही, पण सबंध इमारत त्यांच्या काट्यावर चालते. मी शवासनात, डोळे मिटलेले, शरीर सैल सोडलेलं, विचार येतील तसे जाऊ देतोय, आणि डाव्या कानापाशी फडक्याचा फटकारा.

"दादा, पाय वर."

मी पाय वर केले. हे आसन पुस्तकात नाही. पोट सपाट होत असावं.

"आता ह्या अंगावर व्हा."

मी ह्या अंगावर झालो. माझ्याभोवती फडका फिरला आणि मी कोरड्या बेटासारखा मधे राहिलो. "मावशी, उद्यापासून हा भाग शेवटी पुसता येईल का?" मी छताकडे बघत विचारलं.

मावशी थांबल्या. लादीवरच्या बादलीत फडका पिळत त्यांनी समजावून सांगितलं, "दादा, तुमचं तिसरं घर. एकूण सहा. तुम्ही दहा मिनटं हलला की माझी पुढची तीन घरं हलतात. शेवटच्या म्हातारीला साखरेचं इंजेक्शन घेऊन खायला लागतं, मी चपात्या टाकल्याशिवाय तिला घेता येत नाही. झोपायचंय तर आत जाऊन झोपा."

सत्ताविशीच्या त्या मुलाने साडेतीन तासांत जे सांगितलं नाही ते मावशींनी बादली न सोडता सांगितलं. माझं वेळापत्रक माझं नाहीच. ते दुसऱ्या विंगमधल्या एका म्हातारीच्या इन्शुलिनला बांधलेलं आहे, आणि ती बाई कोण हे मला माहीतही नाही.

शुक्रवारी मी मोठमोठ्यांचा आधार शोधला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ भाग पाडले आहेत, दीड-दीड तासाचे. कधी हिशेब ऐकायचे, कधी प्रजेची गाऱ्हाणी, कधी हत्ती-घोडे बघायचे, कधी हेरांना भेटायचं, सगळं ठरलेलं. झोप सगळी मिळून फार तर साडेचार तास, आणि पहाटे वैद्य, मुख्य आचारी व ज्योतिषी यांची भेट. आचाऱ्याला पहाटेच गाठून 'आज डब्याला काय?' हे ठरवून टाकणारा राजा मला फार जवळचा वाटला. पण खरी गंमत दिवसाच्या सहाव्या भागात आहे. दुपारी साधारण दीड ते तीन. त्या वेळात राजाने मनाला येईल ते करावं, नाहीतर मसलत करावी. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांच्या आसपासच्या परंपरेने राजाला रोज दीड तास 'स्व' मंजूर केलेला आहे, तोही कामाच्या वेळात. मला एकोणचाळीस मिनिटं मागताना ओवा खावा लागतो. आणि एवढं सगळं रेखून झाल्यावर चाणक्य हळूच म्हणतो, किंवा राजाने आपल्या कुवतीप्रमाणे भाग पाडून घ्यावेत. हे आधी सांगितलं असतं तर!

अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनचा तक्ता या विषयात फार मानतात. पाचला उठणं, आज काय चांगलं करू असं स्वतःला विचारणं, आठला काम, बारा ते दोन वाचन, हिशेब आणि जेवण, संध्याकाळी वस्तू जागच्या जागी ठेवणं, दहाला झोप. तक्ता खरोखर देखणा आहे. पण आत्मचरित्रात तो स्वतःच कबूल करतो की, सगळ्या गुणांमध्ये 'व्यवस्थितपणा'नेच आपल्याला जास्त छळलं आणि तो काही आपल्याला जमला नाही. ही कबुली तक्त्यासोबत कुणी छापत नाही. शिवाय त्या तक्त्यात 'जेवण' आहे, 'स्वयंपाक' कुठेच नाही. जेवण आपोआप येत असणार.

आणि आपले समर्थ! 'दासबोधा'च्या अकराव्या दशकात दिवस कसा घालवावा याचा समास आहे. पहाटे उठावं, पाठांतर करावं, दिशेला दूर जावं, आणि येताना रिकाम्या हाताने येऊ नये, काहीतरी घेऊनच यावं. हे मला 'उठलाच आहात तर'चंच सतराव्या शतकातलं रूप वाटतं. गेलाच आहात तर येताना चार काटक्या आणा! पण समर्थांच्या बाबतीत एक गोष्ट विसरून चालणार नाही. 'सावधान' ऐकताच ते बोहल्यावरून निघून गेले, अशी कथा आहे. केशरी भाग मुळातच पुसून टाकला की उरलेल्या दोन रंगांचं वेळापत्रक कुणालाही बसवता येईल.

मराठीत मुळात काम-जीवनाच्या या समतोलाला स्वतःचा शब्दच नाही, हेही माझ्या लक्षात आलं. 'समतोल' आपण आहाराला लावतो, आणि तोही डॉक्टरने सांगितल्यावर. दिवसाबद्दल बोलताना आपली क्रियापदं वेगळी असतात. आवरणं, उरकणं, आटपणं. "आवरलं का?" हा प्रश्न आपल्याकडे दिवसातून दहादा विचारतात, आणि काय आवरायचंय हे कुणी विचारत नाही. सगळंच आवरायचं असतं. उलट, ज्याच्याकडे स्वतःसाठी वेळ आहे त्याला आपण 'रिकामटेकडा' म्हणतो. "काय करतोयस?" "काही नाही, बसलोय." यातलं 'काही नाही' हे माफी मागण्यासाठीच आलेलं असतं.

शनिवारी मी हिचा गोल काढायला बसलो. छापील कागद एकच होता, म्हणून वाटी ठेवून पेन्सिलीने नवा काढला. ही पोळ्या लाटत होती. ही दादरला एका ऑफिसात हिशेबाचं काम करते, शनिवारी अर्धा दिवस. मी खुर्ची ओट्याजवळ ओढली.

"तुझं सकाळचं सांग. पाच ते सात कामात धरू की कुटुंबात?"

"कुठलं काम?"

"स्वयंपाक."

"मग तो कुटुंबात ना?"

"मग 'स्व' किती?"

तिने लाटलेल्या पोळीवर तेलाचं बोट फिरवलं, चिमूटभर पीठ भुरभुरलं, अर्धी घडी घातली, परत तेल, परत घडी. त्रिकोण झाला. तो पुन्हा लाटायला घेतला. मधेच मान न वळवता चिरंजीवांना हाक मारली, "उठ, साडेसहा!" मग खांद्यात धरलेल्या फोनवर तिच्या आईला म्हणाली, "नाही गं, तुझ्याशी नाही बोलले, तू सांग." डाव्या हाताने कुकर बंद केला. तिसरी शिट्टी मी मोजली नव्हती. मला त्या घडीच्या पोळीत एकावर एक बसलेले पापुद्रे दिसत होते आणि माझ्या हातात तीन रंगांचे खडू होते. कोणता पदर कुठे संपतो ते काही कळेना. मी पेन्सिल खाली ठेवली.

"झालं का?" ती म्हणाली. "बसलाच आहात तर लसूण सोला."

म्हणजे बसलेल्यालाही ते वाक्य लागू होतं!

लसूण सोलता सोलता मी तिला राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची पाहणी सांगितली. २०१९ साली त्यांनी देशभर लोकांना दिवसाच्या वेळेचा हिशेब विचारला. घरकाम करणाऱ्या बायकांना त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांना ९७. आणि हे ९७ सगळ्या पुरुषांचे नव्हेत, जे मुळात घरकाम करतात त्यांचे. तसे शंभरात सव्वीसच निघाले. हे सगळं मी जरा अभिमानाने सांगत होतो, कारण माझ्या हातात लसूण होता.

"सत्त्याण्णव?" तिने पहिल्यांदा मान वळवली. "कोण आहे तो?"

मी पाणी, दूध, भाजी, किराणा यांची बेरीज मनात केली. आईच्या गोळ्या धरल्या तरी सत्त्याण्णव भरेनात. लसणाची सात मिनिटं मिळवली, तरीही नाही. मी पुढची पाकळी घेतली.

रविवारबद्दल फार लिहीत नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये साप्ताहिक सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४पासून झगडा केला आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. कामगाराने आठवड्यातला एक दिवस स्वतःसाठी आणि समाजासाठी वापरावा, ही त्यांची कळकळ. त्या रविवारी त्यांचे उपकार स्मरत मी पंखे पुसले. स्टुलावर उभा राहून, तोंडाला रुमाल बांधून. खालून आई सांगत होती की, पातं वाकवू नकोस. संध्याकाळी ठरल्याप्रमाणे 'कुटुंबासाठी वेळ' होता. चौघं एका खोलीत बसलो आणि चौघांनी चार फोन पाहिले. मधे एकदा चिरंजीवांनी मला एक विनोद पाठवला. शेजारी बसून. मी हसलो, तोही हसला. केशरी भागात तो तेवढा मी नक्की धरतो.

कार्यशाळेतला तो गोलाचा कागद अजून फ्रिजवर आहे. गॅस एजन्सीचा नंबर, आईच्या गोळ्यांची यादी आणि दोन वर्षांपूर्वीचं शाळेचं परीक्षेचं वेळापत्रक यांच्या शेजारी. त्याच फ्रिजमध्ये एका डब्यात नेहमी सोललेले वाटाणे असतात. हिवाळाभर असतात. ते कधी सोलले जातात, हे मला बावीस वर्षांत दिसलेलं नाही. माझ्या मिनिटांच्या हिशेबात ते कुठेच नव्हते आणि तिच्याही नव्हते.

परवाची गोष्ट. संध्याकाळची फास्ट ठाण्यापर्यंत नीट आली. खाडी ओलांडून कळवा मागे टाकलं आणि मुंब्र्याच्या अलीकडे थांबली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पंखे चालू होते, दिवे चालू होते, गाडी तेवढी बंद. दारातले दोघं वाकून पुढे बघत होते, म्हणजे कुणालाच काही दिसत नव्हतं. "सिग्नल असेल," एकजण म्हणाला. "पुढे काहीतरी झालंय," दुसरा म्हणाला. ही दोन्ही वाक्यं मध्य रेल्वेच्या तिकिटात अंतर्भूत असतात.

मी चिरंजीवांना फोन केला. त्यांनी तो कापला आणि 'ओके' असा निरोप पाठवला. मी काहीच विचारलं नव्हतं.

आईला लावला. "उशीर होतोय, गाडी अडकलीय."

"किती वेळ?"

"सांगता येत नाही. अर्धा-पाऊण तास."

"बरं झालं," आई म्हणाली. "साडेआठची मालिका आज तासाची आहे. सावकाश ये. आणि आता फोन नको करूस."

मग हिला लावला. ही एरवी माझ्या आधीच्या गाडीने येते. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा आतून केवढा तरी कल्ला ऐकू आला. पाच-सहा बायका एकदम बोलत होत्या, कुणीतरी खो खो हसत होतं.

"कुठे आहेस?"

"गाडीत. मुंब्र्याला अडकलेय."

"अगं, मीही! फास्टला?"

"हो. आज सुटायला उशीर झाला. अहो, तुमच्याच गाडीत असेन मी."

"गं, त्या शेंगा इकडे दे ना, माझं झालं," कुणीतरी मागे म्हणालं, आणि कागदाच्या पिशवीचा आवाज आला.

"ऐक," मी म्हणालो, "पोचायला नऊ वाजतील. आईने भात टाकलाय का विचारायचं राहिलं. आणि त्याच्या क्लासची फी आज शेवटची तारीख होती, ती तू..."

"अहो." तिचा आवाज एकदम निवांत होता. असा आवाज मी घरी ऐकला नव्हता. "मी आत्ता घरी नाहीये. ऑफिसातही नाहीये. ठेवा फोन."

मी ठेवला. माझ्या शेजारी उभा असलेला, मला रोज दिसणारा आणि नाव माहीत नसलेला माणूस उभ्या उभ्या झोपला होता. त्याचं डोकं हळूहळू कलत माझ्या खांद्यावर आलं आणि तिथे स्थिरावलं. तोंड किंचित उघडं होतं, श्वास अगदी संथ चालला होता.

मी खांदा हलवला नाही.